इंजिनावरचा सिनेमा

नांद्याला मी भाड्याने राहायला गेले तेव्हा घरमालक आबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "म्याडम, तुमी इंजिनेर हाय ना? मंग आमचा गिझर बघा जरा." मी इलेक्ट्रिकलची पदवी घेतली होती हे खरं, पण हिंजवडीत माझं काम बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं होतं. हा फरक आबांना नीट समजावून सांगायचाच असं ठरवून मी तावातावाने त्यांच्या घरात गेले आणि गिझर दुरुस्त करून परत आले. पुढची चार-पाच वर्षं आमचं साधारण असंच चाललं.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातची असेल. आबांच्या जमिनीचा बराचसा तुकडा इमारतींना गेला होता. उरलेल्यात ते भात लावायचे, आणि घरामागे खोल्यांची एक रांग बांधून ती आमच्यासारख्यांना दिली होती. आम्ही म्हणजे परभणी, अकोला, सांगली असे कुठून कुठून आलेले, गळ्यात ओळखपत्राची पट्टी आणि पोटात मेसचं जेवण घेऊन फिरणारे लोक. वीज रोज जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक होतं, पण ते वाचून वीज जात नसे.

त्यावर आबांनी आपला तोडगा काढला होता. नदीवरून शेताला पाणी खेचणारं त्यांचं जुनं डिझेल इंजिन आता बिनकामाचं झालं होतं. ते त्यांनी आणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि पट्ट्याने त्याला वीज बनवणारा अल्टरनेटर जोडला. वीज गेली की आबा धोतर सावरत शेडमध्ये जायचे, हॅंडल मारायचे, आणि ठक ठक ठक करत आमच्या ट्यूबलाइटी लागायच्या. त्या इंजिनाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "माज्या लग्नाच्या आदीपासनं हाय ते," असं ते सांगायचे, जणू लग्नानंतर आलेल्या वस्तूंचा काही भरवसाच नाही.

लग्नानंतर आलेली बायको मात्र खरोखरच टिकली नव्हती. मुलगी काही महिन्यांची असतानाच ती काविळीने गेली. समोरच्या खोलीत तिचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला, डोळे विस्फारलेला. आबांनी दुसरं लग्न केलं नाही. मुलगी आत्याच्या हाताखाली वाढली आणि घोटावड्यात दिली. मी तिला ताई म्हणायचे. ताई दर दोन-तीन दिवसांनी स्कूटीवरून यायची, वडिलांचं स्वयंपाकघर घासून काढायची, आणि घासताना त्यांना अखंड बोलायची. "डबा उघडा ठिवलाय. मुंग्या काय तुमच्या सोयऱ्या हायेत व्हय?" आबा ऐकून घ्यायचे. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

त्या वर्षी आबांचे धाकटे भाऊ अमेरिकेहून आले. ऐन तरुणपणी शिकायला म्हणून गेलेले, ते तिकडचेच झाले. आता तिथलं मोठं घर विकून लहान घरात जाणार होते, तर अडगळीतून एक खोकं निघालं, ते घेऊन आले होते. खोक्यात घरगुती फिल्म दाखवायचा जुना प्रोजेक्टर होता आणि तळहातावर मावेल एवढं फिल्मचं एक रीळ. एकदा सुट्टीत आलेले असताना त्यांनी नव्या कॅमेऱ्याने वहिनीचं चित्र घेतलं होतं, बोलण्याच्या आवाजासकट. फिल्म धुवायला अमेरिकेला गेली, आणि धुऊन येईस्तोवर वहिनीच राहिली नाही. मग ते रीळ इकडे पाठवायचं धाडस काकांना कधी झालंच नाही. आतासुद्धा त्यांनी खोकं परतीच्या विमानाच्या दिवशीच बाहेर काढलं. "मी गेल्यावर लावा," म्हणाले आणि टॅक्सीत बसले.

ताईला हे कळलं तशी ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून घोटावड्याहून आली. तिला आईचं काहीच आठवत नव्हतं. लहानपणी तिने आबांना विचारून विचारून हैराण केलं होतं, की आई बोलायची कशी? आबा बोलण्यातले पुढारी नव्हेत. ते म्हणायचे, "बोलायची की. तुज्यावानीच." तेवढ्या एका उत्तरावर ती पोर मोठी झाली होती.

प्रोजेक्टरच्या मागच्या पट्टीवर एकशेवीस व्होल्ट लिहिलं होतं. आपल्या विजेवर तो थेट लावला असता तर धूर निघाला असता. मी पुण्यातल्या बुधवार पेठेतून व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. भाताची पोती ठेवायची खोली सगळ्यात अंधारी, म्हणून ती निवडली. एकुलत्या खिडकीला गोणपाट लावलं, भिंत आदल्या दिवशी ताईने चुन्याने पांढरी करून घेतली. भर दुपारी आम्ही तिघं पोत्यांवर बसलो आणि मी बटण दाबलं.

भिंतीवर अंगण आलं. हेच अंगण, फक्त कडेला इमारती नव्हत्या. हिरव्या लुगड्यातली एक बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती आणि पदर तोंडावर धरून हसत होती. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होते. मग त्या बाईने पदर खाली केला आणि ती बोलली. जड, घोगरा, ओढत ओढत आलेला आवाज. एखाद्या आजारी पुरुषाने झोपेत बोलावं तसा. हातही पाण्यातून हलावेत तसे सावकाश हलत होते. आवाजामागे कुठेतरी धप्प, धप्प असं सारखं वाजत होतं, तो मी प्रोजेक्टरचाच दोष समजले.

ताईने दंड सोडला. "आबा, अशी बोलायची आई?"

"न्हाई गं."

"मंग ही कोन हाय?"

ताई उठली आणि म्हणाली, "बंद करा." मी बंद केलं. खिडकीचं गोणपाट काढताना तिची पाठ आमच्याकडे होती. "नीट झाल्याबिगर परत लावायचं न्हाई," एवढं बोलून ती स्कूटीवर बसून गेली.

मला भयंकर राग आला. प्रोजेक्टरचा, काकांचा, त्या टॅक्सीचा. मी आबांना अमेरिकेला फोन लावायला लावला, तर काका म्हणाले, निघण्याआधी चालवून पाहिला होता, छान चालत होता. खोटं बोलत नव्हते. मी रात्रभर नाही तरी झोप येईपर्यंत त्यावरच विचार केला, आणि सकाळी दात घासताना एकदम लक्षात आलं. ब्रश तोंडात ठेवूनच मी पोत्यांच्या खोलीत गेले. पट्टीवर एकशेवीसच्या पुढे साठ लिहिलं होतं.

आबांना मी ओट्यावर बसवून सांगितलं. तिकडची वीज एका सेकंदात साठ ठोके घेते आणि आपली पन्नास. या यंत्राची मोटर त्या ठोक्यावर फिरते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरले, पण ठोका आपलाच राहिला. मोटर सावकाश फिरली, म्हणून फिल्म सावकाश सरकली, म्हणून आवाज जड झाला.

"म्हंजी ढोल हळू वाजला की लेझीम बी हळू," आबा म्हणाले.

"अगदी तसंच."

त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग खाली बघत म्हणाले, "म्याडम, खरं सांगा. यंत्राचाच दोष हाय ना? का मलाच इसर पडलाय तिच्या आवाजाचा? पोरगी इच्यारती तवा मी सांगतो तुज्यावानी, तुज्यावानी. मला काय ठावं, आता खरंच आठवतंय का निस्तं म्हनायचं म्हून म्हनतोय."

माझा राग तिथल्या तिथे विरला. आबांना गिझर, मोटार, भाडेकरू, पुढारी यांपैकी कशाचीही भीती वाटताना मी पाहिलं नव्हतं. ते या गोष्टीला घाबरले होते.

करायचं काय, हा प्रश्न होताच. मोटरची पुली बदलली असती तर वेग वाढला असता, पण ती पंख्यासकट एकाच प्लास्टिकमध्ये ओतलेली होती आणि ते प्लास्टिक वयाने ठिसूळ झालेलं. पुण्यात नेऊन सीडी करून आणू, असं मी ताईला सुचवून पाहिलं. तिने मला एका वाक्यात गप्प केलं. "आईला एकदा दवाखान्यात न्यायला घराबाहेर काढली, ती परत आली न्हाई. आता ह्ये रीळ उंबऱ्याबाहेर जानार न्हाई."

असेच काही दिवस गेले. मग एकदा संध्याकाळी मी जेवायला बसले आणि वीज गेली. शेडमध्ये इंजिन सुरू झालं, ट्यूब लागली. जरा वेळाने ट्यूब एकदम लखलखली आणि पंखा जोरात फिरायला लागला. आबांनी सवयीप्रमाणे इंजिन रेस केलं होतं. त्यांना वाटायचं की मधूनमधून रेस केलं की इंजिनाचा घसा साफ होतो. मी एरवी अशा वेळी खिडकीतून ओरडायचे, कारण माझा कॉम्प्युटर चालू असायचा. त्या दिवशीही ओरडले, पण वेगळ्या कारणाने. पिठलं ताटात तसंच राहिलं.

साधी गोष्ट होती. महावितरणच्या विजेचा ठोका मला वाढवता येणार नव्हता. आबांच्या इंजिनाचा येणार होता. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका त्या विजेचा ठोका जलद. नांद्यात बसून अमेरिकेची वीज बनवायची तर ती डिझेल ओतून, पत्र्याच्या शेडमध्ये बनवता येत होती.

एक अडचण होती. वेग वाढला की व्होल्टही वाढणार, आणि प्रोजेक्टरचा दिवा एकच होता. म्हणून मी आबांच्या माळ्यावरून टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर काढला, तो बटण फिरवून व्होल्ट कमीजास्त करायचा. शिवाय किती वेग म्हणजे साठ ठोके, हे मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. ते आबांच्या कानावर सोडायचं ठरलं. पण शेडमध्ये इंजिनाच्या दणक्यात त्यांना ऐकू काय येणार? तेव्हा आबा गणपतीत मंडळाला देतात ते दोन स्पीकरचे बॉक्स घेतले. एक पोत्यांच्या खोलीत ठेवला आणि दुसरा लांब वायर ओढून शेडमध्ये, आबांच्या कानाशी.

"म्हंजी मला दिसनार न्हाई," आबा म्हणाले.

"नाही. इंजिन सोडून तुम्हाला येता येणार नाही. वेग हलला की आवाज बिघडेल, आणि तिचा खरा आवाज तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"बरं. पोरीला दिसू द्या."

रविवारी दुपारी वीज नेमाने गेली. सगळ्या भाडेकरूंना मी आधीच दम देऊन टीव्ही, कॉम्प्युटर, फ्रिज बंद करायला लावले होते. ताई पोत्यावर बसली, आईला भेटायला आल्यासारखी चांगली साडी नेसून. मी स्टॅबिलायझरच्या बटणावर हात ठेवून बसले. बाहेर ठक ठक सुरू झालं, भिंतीवर अंगण आलं.

पहिल्यांदा तोच घोगरा आवाज आला. बाहेर आबांनी वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळला असावा, कारण इंजिनाची ठकठक दाटली आणि भिंतीवरच्या बाईचे हात हलके झाले. मी बटण फिरवत व्होल्ट खाली आणत होते. मग आवाज इतका चढला की चिमणी चिवचिवल्यासारखा झाला. शेडमधून आबांचं हसू ऐकू आलं. "एवढी बी न्हाई!" ते ओरडले. मी रीळ उलटं गुंडाळून परत सुरुवातीला आणलं. पुन्हा अंगण, पुन्हा पदर. इंजिन किंचित उतरलं. अजून किंचित.

"काय बोलू मी? त्या मशीनीत मावल व्हय माजं बोलनं?"

मी दचकून ताईकडे पाहिलं. मला वाटलं तीच बोलली. ताईचं तोंड मिटलेलं होतं, हात गालावर होता. आवाज भिंतीवरून येत होता. तोच ठसका, वाक्याच्या शेवटी तसंच झटकून टाकणं. मुंग्या काय तुमच्या सोयऱ्या हायेत, असं विचारणारा आवाज.

शेडमधलं इंजिन त्यानंतर तसूभर हललं नाही.

भिंतीवरची बाई धीट होत गेली. बाळाला पुढे करून म्हणाली, "बग, काका बगतोय. ही लई गुनाची हाय भावजी, अजाबात रडत न्हाई." बाळाने तेवढ्यात भोकाड पसरलं. ताई हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही, कारण मी काही दगडाची नाही. बाळाला खांद्यावर थोपटत ती बाई वैतागून बाजूला वळली, चित्रात नसलेल्या कुणाकडे तरी बघून तिने आवाज चढवला, "अवो! बंद करा की ते इंजान! काय ऐकाया येतंय व्हय हितं?"

आणि खोलीत काळोख झाला.

चित्र गेलं, आवाज गेला, ठकठकसुद्धा थांबली. दिवा उडाला की काय असं मला वाटलं. मी चाचपडत प्रोजेक्टरला हात लावला, तर सगळंच थंड पडत होतं. वीजच येत नव्हती. ताई आणि मी धावत शेडमध्ये गेलो. बॉक्स गप्प होता. आबा इंजिन बंद करायच्या दांडीवर हात ठेवून उभे होते आणि आपण काय केलं ते त्यांना नुकतंच समजत होतं.

"ती म्हनली बंद करा," ते म्हणाले.

धप्प धप्प कसलं होतं ते मला तेव्हा उमगलं. काकांनी ते चित्र घेतलं त्या दिवशी हेच इंजिन अंगणाखालच्या नदीवर चालू होतं आणि हेच आबा त्याच्यापाशी होते. तेव्हाही त्यांनी ऐकलं असणार आणि मुकाट्याने बंद केलं असणार. बाईने हाक मारली की इंजिन बंद करायचं, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं होतं की हातांनी मधली वर्षं मोजलीच नाहीत.

"तिचाच आवाज," आबा म्हणाले. "न्हाई इसरलो मी." ते खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसत होते आणि तोंडाला ग्रीस लागत होतं.

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तो दांडीवरून हळूच काढला. "व्हा बाजूला. आता तुमी आत जा आन् बगा."

"इंजान कोन संबाळनार? मला ठावं हाय तिचा आवाज, तुला कुटं..."

"मला बी ठावं हाय आता," ताई म्हणाली.

आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे. आजवर ज्या इंजिनाला कुणाला शिवू दिलं नव्हतं, त्याचं हॅंडल त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं. साडीचा पदर खोचून ताईने ते मारलं. तिसऱ्या खेपेला इंजिन उठलं. गव्हर्नरचा स्क्रू कसा धरायचा हे आबांनी दाखवायच्या आत तिने तो धरला होता.

आत आबा पोत्यावर बसले, ताईच्या जागेवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी रीळ सुरुवातीला आणून बटण दाबलं. बाहेर ताईने एकदा वर, एकदा खाली करून आवाज बरोब्बर जागेवर आणला, कुणालाही न विचारता. हिरवं लुगडं आलं. पदर खाली झाला. तिने मशीनीत मावल व्हय असं विचारलं तेव्हा आबांची मान हो म्हणाल्यासारखी हलली.

बाळ रडलं. ती वैतागून बाजूला वळली, आबा बसले होते नेमकी त्याच बाजूला, आणि थेट त्यांच्याकडेच बघितल्यासारखी ओरडली, "अवो! बंद करा की ते इंजान!"

आबांनी हात मांड्यांखालून काढले नाहीत. भिंतीकडे बघत, रोजच्या आवाजात ते तिला म्हणाले, "पोरगी हाय इंजानावर. तिला सांग."